गाडी म्हातारी नसते, रबर म्हातारं असतं

आपल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये दोन विषय असे आहेत की ते निघाले की आमटी गार होते, पण वाद गार होत नाही. एक क्रिकेट आणि दुसरा गाड्या. टॉर्क किती, ग्राउंड क्लिअरन्स किती, टर्बो कुणाचा चांगला... सगळ्यांना सगळं तोंडपाठ! दिवाळीच्या सुट्टीआधी अशाच एका वादात मी सहज बोलून गेलो, "आम्ही यंदा कन्याकुमारीला चाललोय. आमच्या मारुती ८०० नं." क्षणभर शांतता आणि मग जो हशा पिकला, तो थेट रेक्टर सर डोकावेपर्यंत थांबला नाही. एकानं विचारलं, "जाताना गाडीनं आणि येताना टेम्पोतनं का रे?"

खरं सांगायचं तर मीही मनातून त्यांच्यातलाच होतो. आमची गाडी २००४ सालची. म्हणजे नात्यानं ती माझी थोरली बहीणच लागते! ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एअरबॅग नाही, एबीएस नाही. तिच्यापेक्षा आपल्या पार्किंगमधल्या काही बाइकना जास्त रुबाब आहे. अशा गाडीनं येऊन-जाऊन अडीच हजार किलोमीटरच्या वर जायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

पण त्यामागं एक गोष्ट होती. आमचं घर शिरोली पुलाचीला, एमआयडीसीच्या अगदी जवळ. आण्णा, म्हणजे माझे वडील, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंग खात्यात होते. सगळा जन्म वाळू, साचे आणि तापलेल्या लोखंडाच्या रसापुढं गेला. ही गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा पेढे वाटताना त्यांनी आईला शब्द दिला होता, "या गाडीतनं तुला कन्याकुमारी दाखवतो." पुढं माझी शाळा, क्लास, मग २०१९ चा महापूर, मग कोरोना, मग माझी इंजिनिअरिंगची फी. कन्याकुमारी मागंच पडत गेली. यंदा आण्णा रिटायर झाले आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "दिवाळीत जायचं." मी म्हटलं, "आण्णा, रेल्वेनं जाऊ, नाहीतर भाड्याची गाडी करू." ते म्हणाले, "रेल्वेनं जायाचं असतं तर पंधरा वर्षांमागंच गेलो नसतो व्हय?"

यापुढं बोलायची सोय नव्हती. आणि घरात इंजिनिअर (होऊ घातलेला) कोण? मी! तेव्हा गाडी तयार करायची जबाबदारी माझ्यावर आली.

मी रात्री बसून झकास यादी केली. इंजिन फ्लश, इंजिन खोलून रिंगा बदलणं, नवे स्पीकर, सीटकव्हर, अलॉय व्हील. दुसऱ्या दिवशी आण्णांच्या ओळखीच्या मेस्त्रींकडं गेलो. हायवेला समांतर जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज आहे. यादी त्यांनी वाचली, घडी घालून माझ्याच खिशात ठेवली आणि म्हणाले, "इंजिनाला हात लावू नगंस. धूर हाय का? न्हाय. ऑइल खातंय का? न्हाय. मग त्येला कशाला छेडतोस? पोरा, लोखंडाला काय हुतंय? आधी रबर बघ."

त्या दिवशी मला राग आला होता. आज मला वाटतं, की चार सेमिस्टरमध्ये मी जे शिकलो नाही ते मेस्त्रींनी या चार वाक्यांत सांगितलं. हा लेख त्याबद्दलच आहे.

बघा, आपण इंजिन शिकतो म्हणजे काय शिकतो? ऑटो सायकल, कॉम्प्रेशन रेशो, इंडिकेटेड पॉवर. सगळं लोखंडाचं आणि वायूचं शास्त्र. लोखंड झिजतं ते किलोमीटरनं. आमची गाडी फार फिरलेली नव्हती, म्हणून इंजिन ठणठणीत होतं. पण रबर मात्र कॅलेंडरनं म्हातारं होतं. गाडी फिरो अगर शेडमध्ये उभी राहो, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन, उन्हाची आणि इंजिनची उष्णता त्याला रोज थोडं थोडं कडक करत असते. आतल्या साखळ्या एकमेकींत जास्त जास्त गुंतत जातात, लवचीकपणा जातो आणि एक दिवस भेग पडते. म्हणूनच "गाडी फारशी वापरलेली नाही" हे वाक्य जुन्या गाडीच्या बाबतीत कौतुकाचं नसून धोक्याचं असू शकतं.

मेस्त्रींनी एक शंभर पानी वही आणायला लावली. तिच्यात गाडीतली प्रत्येक रबरी वस्तू लिहायची, हातानं वाकवून बघायची आणि मगच पुढं टिक करायची. पहिल्याच दिवशी माझी विकेट गेली ती टायरवर. आमचे टायर दिसायला नवेकोरे. नक्षी भरपूर शिल्लक. मी बिनधास्त टिक करणार, एवढ्यात मेस्त्री म्हणाले, "बाजूचं आकडं वाच." टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर होतं ३४१४. म्हणजे २०१४ सालचा ३४ वा आठवडा. अकरा वर्षांचा टायर! आणि डिकीतली स्टेपनी तर ०९०६. ती आजवर रस्त्याला लागलीच नव्हती, आणि तरीही बाजूनं बारीक भेगांची जाळी पडलेली. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बदलायचा हे आपल्याला ठाऊक असतं. पण मोठ्या टायर कंपन्याच सांगतात, की पाच वर्षं वापरात झाली की दर वर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, वापरू नका. उन्हात हायवेवर टायर फुटतात ती सगळी काही खिळ्याची करणी नसते.

दुसरी विकेट ब्रेकवर. गाडी थांबत होती. अगदी छान थांबत होती! पण मेस्त्रींनी मला पॅडल जोरात दाबून धरायला सांगितलं आणि आण्णांना चाकामागं बघायला लावलं. पुढच्या उजव्या चाकाला जाणारा रबरी होज पाइप दाब आला की एका जागी फुग्यासारखा टरारत होता. वाकवल्यावर त्याला नखाएवढ्या भेगा. म्हणजे माझ्या पायाचा काही दाब ब्रेकला जाण्याऐवजी पाइप फुगवण्यात खर्च होत होता. गावात ३० च्या स्पीडला हे कळत नाही. घाटात कळतं, पण तेव्हा कळून उपयोग काय?

ब्रेक ऑइलचंही तसंच. नवं ऑइल पाण्यासारखं स्वच्छ, फिकट पिवळं असतं. आमचं निघालं चहासारखं. या ऑइलला हवेतली वाफ शोषून घ्यायची खोड आहे. डॉट-३ प्रतीचं कोरडं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण तेच ओलावा प्यालं की ही मर्यादा १४० अंशांवर उतरते. आता आपल्या भाषेत एक गणित करू. माणसं आणि सामान धरून ९०० किलोची गाडी घाटात ४०० मीटर खाली उतरली, तर एमजीएच काढा. साधारण ३५ लाख ज्यूल होतात. एवढ्या उष्णतेत दहा लिटर पाणी उकळीला येईल! गाडी न्यूट्रलला टाकून फक्त ब्रेकवर उतरवली, तर हवेनं आणि टायरनं खाल्लेला वाटा सोडून ही बहुतेक उष्णता डिस्कमध्ये आणि ड्रममध्ये जाते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दबते आणि पॅडल थेट तळाला जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं आणि ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. पुढचे दोन्ही होज पाइप आणि सगळं ऑइल बदललं. मी पॅडलवर, मेस्त्री चाकाशी. "दाब... धर... सोड." अर्धा तास हेच. थर्मल इंजिनिअरिंगचा इतका चांगला तास मी आजवर केलेला नाही.

इथं थोडं विषयांतर करतो. जगातला गाडीचा पहिला लांबचा प्रवास केला तो एका बाईनं. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ यांनी नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार काढली आणि दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, माहेरी गेल्या. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेनं साफ केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा एका चर्मकाराच्या दुकानात थांबून ब्रेकवर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे ब्रेक लायनिंगचा जन्म चपला शिवणाऱ्याच्या दुकानात झाला. कोल्हापूरकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही! पण सांगायचा मुद्दा असा, की सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीसुद्धा प्रवासात त्रास दिला तो नळीनं आणि ब्रेकनं. इंजिन आपलं चालत होतं.

तिसरं खातं पाण्याचं. रेडिएटरचे वरचा-खालचा होज, त्यांच्या क्लिपा आणि रेडिएटरचं झाकण. झाकणाला आपण झाकणच समजतो, पण तो एक प्रेशर व्हॉल्व्ह आहे. वातावरणापेक्षा ०.९ बार जास्त दाब त्यानं धरला, तर नुसतं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. त्याची रबरी वॉशर कडक झाली की दाब राहत नाही आणि इंजिन चांगलं असूनही गाडी "गरम होते". त्याच्या जोडीला फॅन बेल्ट आणि टायमिंग बेल्ट. ८०० चा टायमिंग बेल्ट रबरी आहे आणि तो तुटण्याआधी आवाज करून सांगत नाही. सेकंडहँड गाडीत तो शेवटी कधी बदलला हे माहीत नसेल, तर "बदललेला नाही" असंच धरायचं.

चौथं खातं पेट्रोलच्या पाइपचं, आणि इथं आपल्या जिल्ह्याचा थेट संबंध येतो. ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपावर यायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के मिश्रण झालं. यातलं इथेनॉल बरंचसं उसापासून येतं, म्हणजे आपल्याच भागातल्या शेतातलं. याचा आनंद आहेच. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या प्रकारचं रबर फुगवतं किंवा कडक करतं. ई-२० ला टिकणारं मटेरियल गाड्यांमध्ये एप्रिल २०२३ पासून आलं. २००४ च्या गाडीचे पाइप त्या हिशेबानं बनवलेलेच नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज आहे. ॲव्हरेज घटलं तर खिसा हलका होतो, पण पाइप पाझरला तर आग लागते. म्हणून टाकीपासून इंजिनपर्यंत जेवढा रबरी पाइप होता तेवढा नवा घातला.

यापलीकडं रबर नसलेल्याही दोन-तीन गोष्टी सापडल्या. ५० च्या पुढं एका चाकातून घुंईऽऽ असा आवाज यायचा आणि वळणावर बदलायचा. आण्णांनी लगेच ओळखलं, बेअरिंग. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि शिरोलीजवळ वाहतूक कित्येक दिवस बंद पडली, तेव्हा आमची गाडी एक रात्र निम्म्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. ग्रीसमध्ये शिरलेल्या त्या पाण्यानं सहा वर्षांनी हिशेब मागितला. आण्णांचा कान असा तयार, कारण फाउंड्रीत कास्टिंगवर हातोडी मारून बघायची रीत. चांगलं कास्टिंग खणखणीत वाजतं, चिरलेलं बद्द वाजतं. आपल्याकडं यासाठी 'नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग' असा जोडाक्षरांनी भरलेला टॉपिक आहे, आठ मार्कांना येतो.

मागचे सीटबेल्ट तर सीटखाली गाडले गेले होते. ते ओढून काढले, धुतले आणि आईला बांधायला शिकवले. हेडलाइट दिसायला लागत होते, पण काचा पिवळ्या पडलेल्या, त्या बदलल्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास येतात का ते मल्टिमीटरनं बघितलं. (मल्टिमीटर मीच लावला, तेवढंच समाधान!) विमा, पीयूसी, पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण, हे सगळं कागदावर तपासलं.

मेस्त्रींचा आणखी एक नियम मला फार पटला. निघायच्या आदल्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. जे काही बदलायचं ते दोन-तीन आठवडे आधी, आणि मग ट्रायल घ्यायची. नवा पार्ट किंवा त्याचं फिटिंग वाईट असेल, तर ते बहुतेक पहिल्या काही दिवसांतच उघडं पडतं. आम्ही पहिल्या रविवारी जोतिबाचा डोंगर केला, दुसऱ्या रविवारी आंबा घाट. दोन्ही वेळा घरी येऊन बोनेट उघडून प्रत्येक क्लिप पुन्हा आवळली. डिकीत बरोबर घेतलं ते असं: फॅन बेल्ट, क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, फ्यूज, बल्ब, दोन-चार मापांच्या क्लिपा, पाने, जॅक, पाच लिटर पाणी, कूलंट. टायर सोडले तर या सगळ्याचा खर्च माझ्या दीड महिन्याच्या मेस बिलाएवढा झाला. माझ्या यादीतल्या अलॉय व्हीलमध्ये हे सगळं दोनदा झालं असतं.

आता माझी खरी कबुली. वहीत एकूण बत्तीस टिका होत्या. त्यातल्या एकतीस खऱ्या होत्या.

हीटरकडं जाणारे दोन छोटे पाइप इंजिनच्या मागच्या बाजूला, अडचणीत असतात. तिथं हात जात नव्हता. संध्याकाळ झाली होती, हात काळे झाले होते, भूक लागली होती. मी मनाशी म्हटलं, बाकीचे पाइप ठीक निघाले म्हणजे हेही ठीकच असणार. आणि टिक केली. न बघता.

पहाटे पाचला निघालो. जुना एनएच ४, म्हणजे आत्ताचा ४८. बेळगाव, हुबळी, दावणगेरे. ७० चा स्पीड, दर दोन तासांनी थांबा. गाडी अशी पळत होती, की मला हॉस्टेलवर फोन करून सगळ्यांना आवाज ऐकवावासा वाटत होता. चित्रदुर्ग मागं पडलं. हिरियूरच्या अलीकडं आई म्हणाली, "काय तरी गोडूस वास येतोय गं बाई." मी म्हटलं, "बाहेर कुठं तरी गुऱ्हाळ असेल." आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी काट्याकडं बघितलं, गाडी कडेला घेतली आणि बंद केली. कूलंटमधल्या ग्लायकॉलला गोडसर वास असतो. काटा नुकताच मधल्या रेघेच्या वर सरकला होता.

अर्धा-पाऊण तास बोनेट उघडून थांबलो. (गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते तोंडावर येतं.) मग टॉर्च घेऊन मागं बघितलं. हीटरच्या दोन पाइपांपैकी एक क्लिपेजवळ चिरला होता. तोच. जिथं माझा हात पोचला नव्हता.

उपाय आण्णांनी केला. दुसरा पाइप चांगला होता. हीटरकडची त्याची टोकं सोडवली आणि इंजिनच्या एका नळीतून निघालेलं पाणी हीटरला वळसा न घालता थेट दुसऱ्या नळीत जाईल असा तोच पाइप फिरवून जोडला. हीटर बाद, पण कन्याकुमारीला हीटर लागतोय कुणाला? डिकीतल्या क्लिपा कामाला आल्या, पाणी आणि कूलंट भरलं, हवा काढली आणि दोन तासांत गाडी रस्त्याला लागली. पुढं बेंगळुरू, सेलम, मदुराई आणि कन्याकुमारी. परत शिरोलीला येईपर्यंत एक थेंब गळला नाही.

तर हिरियूरजवळच्या त्या बांधावर आण्णांनी वही मागितली. बत्तीस नंबरची टिक बघितली. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते एवढंच म्हणाले, "फाउंड्रीत न बघता पास केलेलं कास्टिंग गिऱ्हाइकाकडनं परत येतंय. आपण शिव्या खातो, पुन्हा वततो. हितं परत यायला मिळंलच असं न्हाय." मग वही परत दिली. मी बराच वेळ एकच विचार करत होतो. ही खोटी टिक होज पाइप ऐवजी ब्रेकच्या पाइपापुढं केली असती तर? मागच्या सीटवर आई होती.

मित्रांनो, मला ही खोटी टिक करायला कुणी शिकवलं? रागावू नका, पण आपल्या सर्वांच्या साक्षीनं मी ती इथंच शिकलो. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर काय चालतं ते सांगायला नको. एक जर्नल आणि त्याच्या दहा कॉप्या. बॉयलरला हात न लावता बॉयलरची एफिशियन्सी, लेथ न चालवता लेथचा जॉब. रीडिंग "बसवायचं", कारण ग्राफ सरळ आला पाहिजे. आणि सर, आपल्याही माफीनं लिहितो, तपासतानाही सही होते ती आकड्यांवर, हातांवर नाही. पहिल्या वर्षापासून आपण एवढंच शिकतो, की टिक महत्त्वाची, बघणं नाही. मग शेवटी ही सवय कुठल्या तरी पाइपापाशी आपल्याला गाठणारच. आज तो गाडीचा आहे, उद्या क्रेनचा असेल, बॉयलरचा असेल. तिथं मागच्या सीटवर दुसऱ्या कुणाची तरी आई असेल.

काहीजण म्हणतील, एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवी गाडी घ्यावी. मुद्दा चुकीचा नाही. एबीएस आणि एअरबॅग जीव वाचवतात. त्या आमच्या गाडीत नाहीत आणि कितीही रबर बदललं तरी येणार नाहीत. म्हणूनच आम्ही ७० च्या वर गेलो नाही आणि अंधार पडल्यावर गाडी चालवली नाही. जुन्या गाडीचा धूरही आजच्या बीएस-६ पेक्षा जास्त. गाडीचा सांगाडा गंजला असेल, तर तिला निरोप द्यावा. जुनं ते सोनं म्हणून कवटाळून बसू नये. पण ज्याच्याकडं जुनीच गाडी आहे, आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या वसाहतींत काम करणाऱ्या कितीतरी घरांत अशीच गाडी असते, त्याला "भंगारात टाक" एवढंच सांगणं हे इंजिनिअरचं उत्तर नव्हे. आणि नवी गाडीही दहा वर्षांनी जुनी होणारच आहे. तिलाही टायर आहेत, पाइप आहेत.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली कॉलेजला. आपल्या लॅबमध्ये लाल-पिवळा रंग दिलेलं कापलेलं इंजिन आहे. सुंदर आहे, पण ते कधीच चालू होत नाही, त्यामुळं ते कधी बंदही पडत नाही! त्याच्या शेजारी एक चालू जुनी गाडी आणून ठेवा. दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी ती "लांबच्या प्रवासासाठी" तयार करायची आणि परीक्षा म्हणजे त्याच गाडीतून सरांना घाट उतरवून आणायचं. जर्नल कॉपी होणार नाही याची खात्री मी देतो. एमआयडीसीतल्या एखाद्या मेस्त्रींना तास घ्यायला बोलवा. त्यांच्याकडं डिग्री नसेल, पण त्यांच्या बोटांना रबराचं वय कळतं.

दुसरी सूचना तुम्हाला. या सुट्टीत घरी गेलात की घरातली गाडी असो, काकांची जीप असो की तुमची बाइक, तिच्या टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. एखादा पाइप बोटांत धरून वाकवा. लांब जाणार असाल, तर एक वही करा.

आमची वही अजून गाडीच्या खणात आहे. हीटरचा पाइप परत आल्यावर बदलला, या वेळी हात सोलपटून का होईना, शेवटपर्यंत घालून. बत्तीस नंबरची जुनी टिक मी खोडली नाही. तिच्यापुढं आण्णांनी फक्त तारीख घातली आहे आणि लिहिलंय, "हिरियूर".